चार घासांची फेरी

"ही माणसं कुणाची?"

भर रस्त्यात, भुरभुर पावसात एक माणूस हातात वाडगा घेऊन ओरडत उभा होता. कमरेला फडकं, बाह्या कोपराच्या वर, कपाळावर घाम होता की पाऊस ते काही कळत नव्हतं. माझी आठ-दहा मंडळी छत्र्या उघडत होती. सगळी एकदम माझ्याकडे बघायला लागली. वर्गात खोडी झाली की पोरं कशी गप्प राहून एकीकडेच बघतात, तशी.

"माझी," मी म्हटलं. "का हो?"

"का हो?" त्यानं वाडगा माझ्या नाकाशी आणला. "हे बघा. अर्धा. आत असे आणखी पडलेत. कुणी अर्धा टाकलाय, कुणी पाऊण. एकानं तर नुसता चमचा बुडवून बघितलाय! रस्सा काय आंघोळीचं पाणी आहे, गरम झालं का बघायला?"

मला हसू आलं. पण वाडग्यातनं वाफ येत होती, आणि त्या वाफेला मिऱ्याचा आणि भाजल्या कांद्याचा असा काही वास होता की तोंडातलं उत्तर मी गिळूनच टाकलं.

"रस्सा चांगलाच आहे हो. त्यांची पोटं भरलीत. आमचं हे पाचवं ठिकाण."

"पाचवं?" मी त्याला पाचवा नवरा म्हटलं असतं तरी त्याला एवढा धक्का बसला नसता. "माझा रस्सा पाचवा?"

"यानंतर एक गोड आहे. म्हणजे अगदी शेवटचा नाही तुमचा..."

एवढ्यात त्याची आई गल्ल्यावरनं उठून दारात आली. "अरे, आत ये, भिजतोयस. मीच हो म्हटलं होतं तिला."

त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. "परत आणू नका," म्हणाला आणि आत निघाला. दारात मात्र थबकला. वळला. आवाज एकदम खाली आला.

"आणि... त्या निळ्या छत्रीवाल्या बाई. त्यांनी सगळा संपवलाय. त्यांना थँक्यू म्हणावं."

झालं. तिथंच माझं निम्मं काम तमाम झालं होतं, फक्त मला ते कळायला वेळ लागला.

माझा धंदा काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई माणसं घेऊन का फिरते.

शाळा माझी आठवीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, शाळेनं काही रडारड केली नाही. आईबाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवलं. मावशी पडदे शिवते. मला सुईत दोरा कधी ओवता आला नाही, म्हणून तिनं मला बसस्टँडवर चिकटवलं, प्रवाशांचं सामान ठेवायच्या खोलीत. बॅग घ्यायची, बिल्ला द्यायचा. दिवसभर तेच. पण बॅग ठेवणारा प्रत्येक माणूस जाताना एकच विचारायचा, "ताई, इथं खायला चांगलं कुठं मिळतं?" आणि या एका विषयात, बरं का, माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाच्या भट्टीतला पाव सकाळी चांगला आणि कुणाचा दुपारी, मासा कुणाकडे भाजलेला खावा, लोणच्यासाठी कुठल्या म्हातारीच्या जिन्यावर जावं, सगळं मला पाठ. लहानपणापासनं जीभच माझी तशी. मावशी मला हावरी म्हणते. लाडानं नाही, खरंच.

माणसं खाऊन यायची ती हसत यायची. काहींनी दुसऱ्यांना पाठवलं. एक दिवस एक म्हातारं जोडपं म्हणालं, तुम्हीच चला ना सोबत. गेले. मग मी ते बिल्ले कायमचे परत केले आणि फेऱ्याच काढायला लागले. आधी आपल्याच गावात, मग बसनं शेजारच्या गावांत. आधी मी एकटी जायची, सगळीकडे खाऊन बघायची, मग माणसं न्यायची. मावशी म्हणाली, "खाऊन पोट भरतं हे माहीत होतं. खाण्यावर पोट भरणारी तूच पहिली."

तर असा धंदा. आणि त्या धंद्यातल्या सगळ्यात चांगल्या रश्शानं मला दारातनं हाकललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलेच. मागच्या दारानं. तो कांद्याच्या ढिगापुढे बसला होता.

"रस्सेवाले, भांडायला आलेय."

"बसा," त्यानं पायानं स्टूल सरकवलं. "कांदा चिरत चिरत भांडा."

मी सुरी घेतली. "पहिली गोष्ट. तुमचा रस्सा पाचवा आहे कारण तो दणकट आहे. आधी दिला तर पुढचं सगळं पाण्यासारखं लागतं. जिभेला वर चढवत न्यायला लागतं, जिन्यासारखं. तुम्ही वरची पायरी आहात. हा मान आहे, अपमान नाही."

त्यानं हात थांबवला. "हं."

"दुसरी. एका ठिकाणी चार घास. माझ्या फेरीचा नियमच आहे. तुम्ही वाडगा भरून देता."

"अर्धा वाडगा मी कुणापुढे ठेवत नाही."

"अहो, पण..."

"नाही ठेवत. माणूस बसला की त्याला वाटलं पाहिजे, यांच्याकडे आहे. भरपूर आहे." मग डोळे पुसत... कांद्याचे, दुसरं काही नाही... म्हणाला, "टाकलं की मला वाटतं, आवडलं नाही. रात्रभर वाटत राहतं."

आता असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा.

"तुम्ही स्वतः तर काहीच खाल्लं नाहीत काल," तो म्हणाला. "मी बघत होतो खिडकीतनं."

"बघत होता?"

"म्हणजे... वाडगे बघत होतो."

"मी फेरीत खात नाही. मी तोंडं बघते लोकांची. तुमच्याकडे आधी येऊन खाऊन गेले होते, कोपऱ्यातल्या टेबलावर. मीठ एक चिमूट जास्त होतं."

"अशक्य."

"होतं."

"त्या दिवशी आईनं घातलं असेल."

"मेल्या, मी ऐकतेय!" गल्ल्यावरनं त्याच्या आईचा, काकूंचा, आवाज आला.

तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं. वरचा एक दात किंचित वाकडा. तुम्हाला सांगते, सरळ दातांचं हसणं मला तेव्हापासनं बेचव लागतं.

तह झाला. वाडगे त्यानं बदलले, लहान आणले, म्हणजे चार घासांत भरून दिसतील. बाजारभर हिंडून कुठनं कुठनं गोळा केले. भरलेला वाडगा पण माझ्या मापाचा. मी म्हटलं, डोकं आहे तुम्हाला. तो म्हणाला, आईकडनं आलंय. आतनं काकू म्हणाल्या, मीठ पण माझ्याकडनंच आलंय म्हणावं.

त्याचं दुकान मंगळवारी बंद. आणि मी नव्या जागा शोधायला बसनं जायचे तेही नेमकं मंगळवारी... बरं, नेमकं नाही. आधी मी गुरुवारी जायचे. बदलला वार. हसू नका.

पहिल्यांदा मी सहज म्हणाले, "येता का? जरा बाहेरचं खाऊन बघा." तर तो इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टँडवर हजर, मी पोचायच्या आधी. अशा गावाला नेलं की जिथं नदीकाठी एक बाई भोपळ्याचं सूप करते. तो आधी वास घेत बसला. मग चमच्यातलं उजेडात धरून बघितलं. मग खाल्लं आणि उठून सरळ तिच्या चुलीपाशी. मी आपली टेबलावर एकटी! परत आला तो तासाभरानं, हातात भोपळ्याची फोड.

"भाजून घेते ती आधी. सालासकट."

"मी पण इथं भाजून निघाले, सालासकट. ऊन बघा कुठं आलं."

तो उन्हाच्या बाजूला खुर्ची ओढून बसला. त्याची सावली माझ्यावर पडली, आणि बस येईपर्यंत तो हललाच नाही. मान लाल झाली त्याची.

असे किती मंगळवार गेले. बसमध्ये गर्दी झाली की आमचे खांदे लागायचे. एकदा उतरताना त्यानं हात दिला आणि सोडायचा राहून गेला. पार चौकापर्यंत राहून गेला. दोघांनाही ध्यानात होतं. आणि कधीतरी एका गावच्या चढावर, धापा टाकत, तो म्हणाला, "थांब गं जरा." थांब. गं. म्हणाला आणि बहुतेक स्वतःच घाबरला. मी म्हटलं, "थांबले. चल सावकाश." झालं, आमचं अहो-जाहो तिथंच दरीत गेलं.

पण बोलणं काही होईना. मी वाट बघायचे. तो कांद्याबद्दल बोलायचा.

एकदाच तो म्हणाला, "मला एका दिवसावर कुठं जाता येत नाही. बाबा गेल्यापासनं चूल माझ्यावर आहे. रस्सा दुसऱ्या कुणाच्या हातचा लोकांना चालत नाही." बोलला साधंच, पण मी पाय आत ओढून घेतले. कारण माझे पाय तर रोज आणखी लांब जायला बघत होते.

आणि मग कंपनीचं बोलावणं आलं.

मोठी कंपनी. लांब लांबच्या शहरांत सहली नेते. त्यांना खास खाण्याच्या सहली काढायच्या होत्या आणि कुणीतरी, बहुतेक त्या निळ्या छत्रीवाल्या बाईंनी, माझं नाव सांगितलं. काम काय, तर शहरोशहरी जायचं, खायचं, जागा शोधायच्या, माणसं न्यायची. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस बाहेर. अहो, हे काम मी स्वप्नात मागितलं असतं तरी देव म्हणाला असता, थोडं कमी माग. पण आधी कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः येऊन माझी एक फेरी बघणार होत्या.

मी रस्सेवाल्याला सांगितलं. त्याची सुरी थांबली. कांदा तसाच हातात.

"निम्मं वर्ष?"

"हो."

"चांगलं आहे," तो म्हणाला. मग कांदा खाली ठेवून, "मला पहिलं ठेव त्या दिवशी."

"अरे, जिन्याचं सांगितलंय ना तुला..."

"एकदाच. पातळ करतो, मिरी कमी घालतो. पण पहिलं ठेव."

त्यानं याआधी काहीच मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. "चार घास," मी बजावलं. "लहान वाडगे."

"चार घास," त्यानं मान डोलावली.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं पण पाऊस पडत नव्हता. मोठ्या बाई आल्या, करड्या केसांच्या, चापून बांधलेला अंबाडा, पायात चालायचे बूट. मला बूट बघूनच त्या आवडल्या. बरोबर दहाएक माणसं. एक भलेमोठे गृहस्थही होते, त्यांना आपण पोटले काका म्हणू, त्यांच्या तोंडावर नाही.

आम्ही रश्शाच्या दुकानात शिरलो आणि मी बघते तर काय, टेबलांवर मोठे वाडगे! परातीएवढे! काठोकाठ! बाजूला पावाच्या चळती. आणि हा बाबा डाव घेऊन टेबलांमधनं फिरतोय. "घ्या हो. लाजू नका. अजून आहे. त्यांना वाढा रे. तुम्ही? थोडासाच."

मी डोळे मोठे केले. तो बघेचना माझ्याकडे. कान लाल, कपाळ ओलं. मोठ्या बाईंनी दोन वाडगे संपवले. पोटले काकांनी किती ते देवाला ठाऊक. सगळी माणसं तृप्त होऊन, पोटावर हात ठेवून बाहेर पडली, आणि माझी फेरी तिथं, पहिल्याच पायरीवर, संपली.

पुढचं ठिकाण मासेवालीचं. ती मासे भाजते, जाळीवर, लिंबू पिळून. वास गल्लीभर. एरवी माणसं धावत जातात. त्या दिवशी माझी मंडळी त्या माशाकडे असं बघत होती की जणू तो उधारी मागायला आलाय. एक जण हळूच म्हणाला, "जरा बसलो तर चालेल का?"

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं.

मासेवाली माझी जुनी दोस्त. तिनं मला बाजूला ओढलं. "काय गं, कुठनं आणलीस ही फुगलेली पोती?"

"रस्सेवाल्यानं भरली."

"सगळी? अगं, माझ्या लग्नात आचारी होता तो, तेव्हासुद्धा एवढं वाढलं नव्हतं त्यानं."

आता करायचं काय? भूक तर विकत मिळत नाही. आणि मग मला वाटलं, मिळत नाही, पण कमवता येते. सामानघरात दिवसभर बॅगा उचलल्या की मला लागायची तशी.

मी टाळी वाजवली. "मंडळी! आजची फेरी वेगळी आहे. आज खायचं नाही. आज आधी कमवायचं."

"काय कमवायचं?" पोटले काका घाबरले.

"भूक!"

मासेवालीचा बर्फ नुकताच आला होता. मी माणसांना ओळीत उभं केलं आणि बर्फाच्या लाद्या हातोहात आत पोचवल्या. पहिल्यांदा सगळी कुरकुरली. मग एकाच्या हातातनं लादी सटकली, ती पोटले काकांच्या बुटावर, ते असे काही नाचले की सगळी हसत सुटली. तिथनं घाटाच्या पायऱ्या चढून पाववाल्याकडे. पाववाल्याचा खांदा धरलेला, कणकेचा डोंगर समोर. मी म्हटलं, "दादा, हात हवेत का? वीस हात आणलेत." त्यानं एकेकाला आंघोळ घालावी तसे हात धुवायला लावले आणि जुंपलं. मोठ्या बाईंनी घड्याळ काढून खिशात टाकलं. मुठींनी कणीक तिंबत होत्या, अंबाडा सुटलेला, भुवईला पीठ. पाववाला म्हणाला, "बाई, रोज येत जा." त्या म्हणाल्या, "पगार काय देणार?"

दुपार उतरली. पहिले पाव भट्टीतनं निघाले. आणि पोटले काकांनी, लाजत लाजत, शाळेतल्या मुलासारखं बोट वर केलं.

"ते... मासे... आहेत का अजून?"

त्याच पायऱ्या आम्ही पळत उतरलो. स्वतःच्या हातचा गरम पाव आणि भाजलेला मासा, उभ्यानं, बोटं चाटत. आणि मग पाऊस आला तर कुणी छत्रीसुद्धा उघडली नाही.

मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. "हे ठरवलेलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही बाई. पहिल्या ठिकाणी तुमची पोटं भरून टाकली त्यानं. मला दुसरं काही सुचलं नाही."

त्यांनी बोटावरचं लिंबू चाटलं. "मग तुमच्यासारखी बाई मला हवीच. उद्या संध्याकाळी फोन करते. घरी विचारून ठेवा."

मी घरी उडत गेले. मावशी पडद्याला पिना लावत होती. मी सगळं सांगितलं, तिनं ऐकलं, आणि तोंडात पिना तशाच ठेवून म्हणाली, "मुद्दाम केलं असेल त्यानं."

"काय?"

"भरपेट वाढलं. फेरी फसली की तू जाणार नाहीस. इथंच राहशील, कांदे चिरत."

"असं कसं, मावशी..."

"पहिलं ठेव म्हणून कोण मागे लागलं होतं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोठे वाडगे. माझ्याकडे न बघणं. 'एका दिवसावर कुठं जाता येत नाही.' सगळं कसं एकाला एक चिकटत गेलं, कणकेसारखं. काम मिळालं होतं, पण घासच उतरेना. मला, हावरीला, घास उतरेना! कारण तो नुसता वेडा असता तर चाललं असतं. पण ज्याला माझे पाय बांधायचेत त्याच्यासाठी मी थांबणार नव्हते. आणि त्याच्यावाचून जायचं म्हटलं तर... शहरं डोळ्यांसमोर येत होती आणि सगळी आळणी लागत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी गेले. मागच्याच दारानं.

चुलीपाशी तो नव्हता. त्याची धाकटी बहीण होती, चष्म्याच्या दुकानात काम करते ती. डोक्याला रुमाल, हातात डाव, चेहरा घामानं थबथबलेला. आणि तो स्टुलावर बसून वाटीतनं चाखत होता.

मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "एकच विचारते. काल मुद्दाम केलंस?"

"काय मुद्दाम?"

"मला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. फेरी पाडायला."

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. आणि तो असा उठला की स्टूल उलटं पडलं.

"मी? रश्शानं? मी माझ्या रश्शानं कुणाचं वाईट करीन?" त्यानं वाटी आपटली. "अगं, माझ्या बापाची चूल आहे ही! शत्रू जेवायला बसला तरी त्याला पोटभर घालतो आम्ही, मग भांडतो! तुझं... तुझं वाईट करायला मी वाढीन? एवढंच ओळखलंस? आजवरचे सगळे मंगळवार काय नुसते सूप प्यायला आलीस?"

तो ओरडत होता, हात उडवत होता, बाहेर गिऱ्हाइकं माना वळवून बघत होती. आणि मला... काय सांगू तुम्हाला... इतकं बरं वाटलं! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. इतका खरा राग मी आयुष्यात बघितला नव्हता. ओरड बाबा, म्हटलं, आणखी ओरड.

"मग का वाढलंस एवढं?"

त्याचा आवाज बसला. "पहिलं मागितलं ते भुकेल्या पोटी माझा रस्सा त्यांना आवडावा, तुझं काम व्हावं म्हणून. ठरवलं होतं गं चार घास. पातळ पण केला होता. लहान वाडगे मांडले होते. मग त्या बाई दारात आल्या, आणि मला वाटलं, तुझं सगळं यांच्या हातात आहे... आणि लहान वाडगा एवढासा दिसायला लागला. वाटलं, पोटभर जेवल्या तर नाही कशा म्हणतील? हातच थांबेना. तू डोळे वटारत होतीस ते दिसत होतं. हात थांबेना."

"म्हणजे मी जावं म्हणून वाढत होतास?"

"मग?"

"आणि तुला चालेल? मी गेलेलं?"

त्यानं फडक्याला हात पुसले. कान लाल.

"दादा, सांग की आता," बहीण चुलीपाशी पुटपुटली. "का मी सांगू? गेले दोन महिने कामावरनं आले की मला इथं उभं करतो. मीठ कमी, मिरी जास्त, कांदा करपला, जीव घेतलाय माझा. का म्हणून विचारलं तर म्हणतो, वर्षातनं दोन-तीनदा तरी मला तिच्याबरोबर जाता आलं पाहिजे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीवरच्या स्टुलाकडे बघत होता.

"दोन महिने?" मी म्हटलं. "कंपनीचं बोलावणं तर आत्ता आलं."

"तुझे पाय मला आधीच दिसले होते," तो म्हणाला. "कंपनी नसती तर तू तशीच गेली असतीस. म्हटलं, आपण तयारीत असावं."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"हिचा रस्सा जमला की."

"जमत नाहीये," बहीण म्हणाली. "तुम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत जमायचा नाही."

मी जवळ गेले. "आणि बाकीचे दिवस? तू दोन-तीनदा येशील. मी निम्मं वर्ष बाहेर. बाकीचे दिवस तू काय करणार?"

"वाट बघीन." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "रस्सा करणाऱ्याला वाट बघायला शिकवायला लागत नाही. मंद आचेवर सगळं चांगलंच होतं. फक्त..." थांबला. पडलेलं स्टूल उचलून उभं केलं. "फक्त परत यायचं ते इथं यायचं. म्हणजे... माझ्याकडे. मला तू हवी आहेस. राहणारी नाही. जाऊन येणारी."

बाहेर काकूंनी कुणाला तरी सुट्टे पैसे द्यायचं थांबवलं होतं. मी त्याच्या फडक्याचं टोक धरलं. हात धरायचा धीर झाला नाही, खरं सांगते, तोंडाळ असून.

"मी घाबरले होते," मी म्हटलं. "तू थांब म्हणशील म्हणून."

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला, "तू माझ्यासाठी थांबशील म्हणून. मग जन्मभर माझ्या रश्शात खोड काढली असतीस."

"ती अशीही काढणार आहे."

तो हसला. वाकडा दात दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या खोलीत त्या वेळी एकही कांदा कापलेला नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मोठ्या बाई.

"काय मग? पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. विचारलंत का? घरच्यांची काही हरकत?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो श्वास धरून उभा होता.

"नाही बाई," मी म्हटलं. "घरचे म्हणतात, जा."

तो झटकन वळला. समोरचं भांडं जवळ ओढलं, डाव घेतला आणि ढवळायला लागला. जोरजोरात ढवळत राहिला, पाठ माझ्याकडे, मान कानापर्यंत लाल. मी फोनवर बोलत होते, तारखा ऐकत होते, हो हो म्हणत होते, आणि तो ढवळतच होता.

बहिणीनं वाकून भांड्यात बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "यात काही नाहीये."